आरएक्स 135 मातीवर: जुन्या टू-स्ट्रोकला नवे भाग बसवताना

यामाहाची आरएक्स मातीत पळवायची ठरवली की पहिला हात इंजिनाला लागतो. पोर्ट (सिलिंडरमधल्या वायूच्या वाटा) कोरायचे, मोठा कार्बोरेटर लावायचा, खुला सायलेन्सर चढवायचा. माझं कळकळीचं सांगणं असं की इंजिन सगळ्यात शेवटी घ्या. यामाहाचं हे इंजिन, 58 मिमी बोअर, 50 मिमी स्ट्रोक, 132 सीसी, मूळ अवस्थेतही मातीवर पुरेसं चपळ आहे. कमी पडतात ते पुढचे शॉक, पुढचा ड्रम ब्रेक आणि फ्रेमची मान, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो तो पुढचा पाईप. 1985 साली आरएक्स 100 आली तेव्हा ती डांबरी रस्त्यासाठी आली, आणि 135 चा सांगाडाही त्याच घराण्यातला. त्याला उड्या मारायला लावायच्या तर आधी उडीनंतरचं जमिनीवर येणं सांभाळलं पाहिजे. म्हणून फ्रेम, पुढचा भाग, मागचा भाग, ब्रेक आणि मग इंजिन, या क्रमानं जाऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करून रस्त्यावर फिरणं बेकायदा आहे. गाडी छोट्या हत्तीत टाकून ट्रॅकवर न्या. चांगल्या अवस्थेतली, सगळे मूळ भाग असलेली आरएक्स तर मातीसाठी फोडूच नका. अशा गाड्या आता थोड्याच उरल्यात. टाकी गेलेली, पॅनल नसलेली, कुणाच्या तरी परसात उभी असलेली गाडी शोधा. कागद मात्र तिचेही हवेत. आणि फ्रेम घासताना चासी नंबरवर ग्राइंडर फिरणार नाही याची काळजी घ्या.

फ्रेम

गाडी पूर्ण सोडवा, नुसती फ्रेम उरेपर्यंत. रंग काढा. मानेचा पाईप जिथं मुख्य पाईपला जोडलाय तिथं, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) बोल्टच्या बाजूला आणि मागच्या शॉकच्या वरच्या खुंट्यांपाशी बारीक तडे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. वेल्डिंगच्या दुकानात लाल आणि पांढऱ्या स्प्रेचा संच मिळतो. आधी लाल मारायचा, दहा मिनिटांनी पुसायचा, मग पांढरा मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. माझ्या फ्रेमच्या मानेखाली अशी दोन बोटं लांब रेघ निघाली होती. त्याआधी त्याच जागेवरून मी तीनदा हात फिरवला होता.

मानेला दोन्ही बाजूंनी 2 मिमी पत्र्याचे त्रिकोणी तुकडे टिग वेल्डिंगनं जोडून घ्या. पत्र्याची कड पाईपला आडवी, सलग वेल्ड करू नका. पाईप तिथंच कमजोर होतो. तुकड्याची टोकं निमुळती ठेवा आणि टोकावरचा थोडा भाग वेल्डशिवाय सोडा. फूटरेस्ट रुंद, दातेरी आणि दुमडणारे लावा. गाडी पडली की न दुमडणारा फूटरेस्ट एकतर वाकतो, नाहीतर पाय अडकवतो.

पुढचा भाग: इथंच गाडी जमते किंवा बिघडते

नवे पुढचे शॉक शोधताना आपल्याकडे दोन गाड्या डोळ्यांसमोर येतात. 2011 ची हीरो इम्पल्स आणि 2019 ची हीरो एक्सपल्स 200. एक्सपल्सच्या फोर्कचे (पुढच्या शॉकच्या जोडीचे) पाईप 37 मिमीचे, ट्रॅव्हल म्हणजे दबण्याचं अंतर 190 मिमी, वर डिस्क ब्रेक आणि तारांचं 21 इंची चाक. अपघातातल्या गाडीचा पुढचा सेट मिळाला की मन हरखतं. पैसे देण्याआधी मात्र वही काढा आणि हे गणित करा.

आरएक्सचं पुढचं टायर 2.50-18 असेल तर ते बाहेरून साधारण 585 मिमी. 90/90-21 चं टायर साधारण 695 मिमी. फरक 110, त्याचा निम्मा 55. म्हणजे शॉक तेच ठेवून नुसतं चाक बदललं तरी गाडीचं तोंड 55 मिमी वर जातं. त्यात नवा फोर्क जुन्यापेक्षा 60 मिमी लांब निघाला तर एकूण 115 मिमी. आरएक्सचा व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर) साधारण 1240 मिमी, त्यामुळे पुढून दर 22 मिमी उचललं की मानेचा कोन एका अंशानं झोपतो. 115 मिमीला पाच अंशांहून जास्त! अशी गाडी सरळ रेषेत छान पळते, पण वळणावर पुढचं चाक घसरत बाहेर जातं आणि वळता वळत नाही. शॉक नवे, टायर नवं, आणि गाडी मात्र जुन्यापेक्षा वाईट चालते, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून 132 सीसीच्या या छोट्या सांगाड्याला मला इम्पल्सचं 19 इंची चाक जास्त पटतं. 90/90-19 चा व्यास साधारण 645 मिमी, म्हणजे तोंड फक्त 30 मिमी वर जातं. 21 इंचीच हवं असेल तर मागची बाजूही तेवढी उचलावी लागेल आणि फोर्क आतून आखूड करावा लागेल. आखूड करण्याची रीत अशी. फोर्क उघडून डॅम्पर रॉडवर, छोट्या रिबाउंड स्प्रिंगला लागून, हव्या त्या लांबीचा बुश घालायचा. 40 मिमीचा बुश घातला तर फोर्क 40 मिमीनं आखूड होतो आणि ट्रॅव्हलही तेवढंच घटतं. वरचा स्पेसर पाईपही 40 मिमी कापा, नाहीतर मुख्य स्प्रिंग उगाच दाबली जाईल.

आता टी, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाईप धरणारा आडवा भाग; त्याचा दांडा मानेत फिरतो. नव्या टी चा दांडा आरएक्सच्या मानेत जसाच्या तसा बसत नाही. लांबी वेगळी, बेअरिंगच्या बैठकीची मापं वेगळी. तीन मार्ग आहेत. आरएक्सचा दांडा काढून नव्या खालच्या टी मध्ये बसवायचा, नव्या दांड्यालाच लेथवर माप द्यायचं, किंवा ईएन 24 पोलादाचा नवा दांडा करून घ्यायचा. मी तिसरा मार्ग धरतो. खर्च थोडा जास्त येतो, पण मापं आपल्या हातात राहतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांच्याकडे मी हे काम नेतो ते लेथवाले मामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "भावा, प्रेस फिटला व्हर्नियर चालत नसतोय. मायक्रोमीटर आण." 28-30 मिमीच्या दांड्याला भोकापेक्षा तीन ते पाच शतांश मिमी जास्त माप हवं. दांडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, टी 120 ते 150 अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवा, आणि मग प्रेसखाली एका दमात बसवा. अर्ध्यावर थांबलात तर दांडा तिथंच धरतो आणि पुढं सरकत नाही. बसल्यावर खालून एक आडवी पिन किंवा चकती लावून तो सुरक्षित करा.

बेअरिंग घेताना सुट्या गोळ्यांचा कोनसेट परत घालू नका. मानेच्या कपाचं बाहेरचं माप आणि नव्या दांड्याचं माप घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. पुण्यात नाना पेठेत, कोल्हापुरात उद्यमनगराच्या आसपास, निमुळत्या रोलरची बेअरिंग मापावर मिळतात.

आणि एक जागा कुणीच सांगत नाही: हँडलचे अडथळे. हँडल पूर्ण वळल्यावर टी फ्रेमवरच्या ज्या ठोकळ्याला टेकते, तो नव्या टी ला बहुधा लागत नाही. माझी पहिली गाडी बांधून झाली तेव्हा मी हे पाहिलं नव्हतं. आडव्या वळणात हँडल डावीकडे गरजेपेक्षा जास्त गेलं, ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली, इंजिन आपोआप फुल्ल झालं आणि गाडी बांधावर चढली. खांद्याला सहा आठवडे पट्टा होता. तेव्हापासून मी ठोकळे वेल्ड करून घेतो, टाकी आणि फोर्कचे पाईप यांत किमान बोटभर जागा ठेवतो, आणि इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. आवाज जराही बदलला तर केबलची वाट बदलायची.

स्प्रिंगबद्दल थोडं. एक्सपल्स दीडशे किलोहून जास्त वजनाची, आपली गाडी शंभराच्या आसपास. तिची स्प्रिंग आपल्याला कडक लागणार. स्प्रिंग कापून मऊ होत नाही, कापली की उलट कडक होते. आधी वरचा स्पेसर आखूड करा. स्वार पूर्ण पोशाखात, फूटरेस्टवर उभा राहून, मधोमध वजन टाकून असताना फोर्क एकूण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्शाइतका दबला पाहिजे, 190 ला साधारण 60 मिमी. मग पाईपला प्लॅस्टिकची टाय बांधून पाच-सहा फेऱ्या मारा. सगळ्यात मोठ्या उडीनंतर टाय फोर्क पूर्ण दबण्याच्या खुणेच्या बोटभर अलीकडे थांबली तर बरोबर. बरीच अलीकडे थांबली तर तेल पातळ करा किंवा थोडं कमी करा.

शेवटी स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबा आणि टायर, मडगार्ड, सायलेन्सरचा बेंड आणि खालची टी यांत काही एकमेकाला लागतंय का ते बघा. हे गाडी स्टँडवर असतानाच कळलेलं बरं.

मागची बाजू

मोनोशॉक करावा का, हा प्रश्न हमखास येतो. मोनोशॉकला मोटोक्रॉसमध्ये जग जिंकून दिलं ते यामाहानंच. बेल्जियमच्या ल्युसियन टिल्कन्स यांची ती कल्पना, आणि 1973 मध्ये हाकान अँडरसननं त्या गाडीवर 250 सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं. पण ती फ्रेम त्या शॉकसाठीच बनलेली होती. आरएक्सच्या फ्रेममध्ये मधोमध शॉक घालायचा तर एअर बॉक्स जातो, बॅटरीची जागा जाते, आणि पूर्वी दोन खुंट्यांवर वाटला जाणारा सगळा भार अशा एका पाईपवर येतो ज्यानं तो कधी घेतलेला नाही. मी करत नाही. तेवढ्या पैशांत दोन चांगले, ऑईल आणि प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब) बदलता येणारे, वेगळ्या गॅस टाकीचे शॉक येतात.

नवे शॉक घेताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी पुढच्या उंचीशी जुळवून ठरवा. पुढून 50 मिमी वर गेली असेल तर मागूनही जवळपास तेवढीच उचलली पाहिजे. मात्र शॉक चाकाच्या ॲक्सलच्या पुढं कललेला असल्यानं त्याची लांबी 20 मिमीनं वाढली की चाक त्याहून थोडं जास्त खाली जातं. चिमटा खाली कलला की चेन त्याच्या पुढच्या टोकावर घासते. तिथं जाड नायलॉनची पट्टी बसवा. चिमट्याचे बुश नवे करा, जमलं तर पितळी.

चेनचा ढिलेपणा शॉक काढून बघायचा. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. त्या जागी बोटाच्या पेराइतकी ढील हवी. स्टँडवर लोंबकळत्या चाकाला चेन ताठ करून ट्रॅकवर गेलेली गाडी बेअरिंग खाते, कधी कधी गिअरबॉक्सचा शाफ्टही.

ब्रेक आणि चाकं

इथं फार बोलण्यासारखं नाही. पुढचा कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि डिस्क एकाच गाडीचे घ्या. मास्टर दुसऱ्या गाडीचा लावला तर लिव्हर एकतर दगडासारखा लागतो किंवा हँडलला टेकतो. एबीएसचं युनिट काढून मास्टरपासून कॅलिपरपर्यंत एकच सरळ पाईप टाका, तांब्याचे वॉशर नवे घाला. हवा काढायला इंजेक्शनच्या सिरिंजनं खालून, कॅलिपरच्या निपलमधून तेल वर ढकला. निम्म्या वेळात काम होतं. मागचा ड्रम तसाच ठेवा, फक्त लायनर नवे घाला. चाकांच्या तारा सैल असतील तर चाकाचा आऊट (डुलणं) काढून घ्या आणि पहिल्या दिवसानंतर परत बघा. मातीवर ट्यूब टायरमध्ये 12 ते 15 पीएसआय हवा ठेवायची तर रिमलॉक (टायर रिमला घट्ट दाबून धरणारा ठोकळा) लागतोच, नाहीतर टायर रिमवर फिरून व्हॉल्व्ह उपटतो.

इंजिन

आधी नवं करा, ताकद नंतर. क्रँक उघडून कनेक्टिंग रॉडचा किट, मेन बेअरिंग आणि दोन्ही बाजूंची ऑईल सील बदला. क्रँक जोडल्यावर दोन्ही टोकांना डायल लावून आऊट बघा. तीन शतांश मिमीपेक्षा जास्त चालणार नाही. सील व्हिटॉन रबराची घ्या. कारण आता पंपावर ई20 पेट्रोल मिळतं आणि जुनी सील, जुने पेट्रोलचे पाईप, कार्बचे ओरिंग इथेनॉलनं फुगतात किंवा ताठरतात.

सील गेली की काय होतं ते समजून घ्या. मॅग्नेटच्या बाजूची सील गेली तर क्रँककेस बाहेरची हवा ओढतो, मिश्रण पातळ होतं, पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूची गेली तर इंजिन गिअर ऑईल ओढतं आणि पांढरा धूर सुटत राहतो. हे ओळखण्यासाठी एक्झॉस्ट आणि कार्बच्या तोंडाला रबर आणि पत्रा लावून बंद करा, ऑईल पंप काढला असेल तर त्याचंही भोक बंद करा, पिस्टन खाली आणा, आणि एका नळीतून आत 6 पीएसआय हवा भरा. यासाठी मी ब्लड प्रेशर मोजायचं जुनं यंत्र वापरतो. रबरी फुगा, नळी आणि काट्याची तबकडी तयारच मिळते. तबकडीवरचे 300 म्हणजे जवळजवळ 6 पीएसआय. काटा मिनिटाला 50 पेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. सांध्यावर, सिलिंडरच्या खाली, मॅग्नेटच्या मागं. जेटिंगला, म्हणजे कार्बमधले पेट्रोलचे जेट जुळवायला, हात लावण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे. गळक्या इंजिनावर जुळवलेला जेट खोटा असतो.

बोअर करून आणल्यावर सिलिंडरच्या पोर्टच्या कडा बोटानं तपासा. बोअरनंतर त्या सुरीसारख्या धारदार होतात आणि रिंगला पकडतात. बारीक दगडानं कडेला हलका उतार द्या. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडातलं अंतर मोजा, 58 च्या बोअरला 0.20 ते 0.35 मिमी. पिस्टनच्या गॅपसाठी पिस्टनसोबत आलेल्या कागदावरचं माप पाळा.

मग स्क्विश, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यातलं अंतर. 1.5 मिमी जाडीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत घाला, टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकवा आणि किक हातानं दाबून पिस्टन वरून एकदा न्या. तार बाहेर काढून चपटं टोक मोजा. तार डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दिशेनं घाला. पुढं-मागं घातलीत तर पिस्टन डोलतो आणि माप चुकतं. 1.0 ते 1.2 मिमी मिळालं पाहिजे. जास्त असेल तर खालचं गॅस्केट पातळ करा किंवा हेड लेथवर घ्या. एवढ्या एका मापानं खालची ओढ सुधारते, आणि पोर्टला हात लावावा लागत नाही. रीडच्या (कार्बमागच्या एकतर्फी झडपेच्या) पाकळ्या उजेडात धरून बघा. कोपरा उडालेला असेल तर कार्बन किंवा फायबरच्या नव्या पाकळ्या टाका.

कार्ब, पेट्रोल, सायलेन्सर

132 सीसीला 26 ते 28 मिमीचा चपट्या स्लाइडचा कार्ब पुरेसा. पीडब्ल्यूके 28 सहज मिळतो. त्याहून मोठा घातलात तर वळणातून बाहेर पडताना इंजिन दबतं.

ऑईल पंप काढून प्रीमिक्सवर (पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालवण्यावर) गेलात तर 32 ला 1 हे प्रमाण ठेवा: लिटरला 31 मिली, पाच लिटरला 156. टाकीत अंदाजानं ऑईल ओतायचं नाही. वेगळ्या कॅनमध्ये मोजून, हलवून मग टाकायचं. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यांतल्या उसापासूनही बनतं आणि त्याबद्दल मला प्रेम आहे, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते तळाशी वेगळं बसतं. म्हणून शर्यत संपली की टाकी आणि कार्बची वाटी रिकामी करायची. शिवाय साध्या पेट्रोलला किलोमागे 14.7 किलो हवा लागते, ई20 ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या पेट्रोलवर जुळलेला मेन जेट आता पातळ पडतो. दोन नंबर मोठ्यापासून सुरुवात करा आणि एकेक खाली या.

जेट बघायची खात्रीची रीत एकच. नवा प्लग लावा, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये फुल्ल ॲक्सिलरेटरवर लांब सरळ पट्टा पळवा, आणि किल स्विच आणि क्लच एकदम दाबून गाडी तशीच थांबवा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी मुळाशी चॉकलेटी कडं दिसलं पाहिजे. पांढरं फटक असेल तर थांबा. त्यावर चंदेरी ठिपके चमकत असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे; गाडी आणखी पळवू नका.

एक्स्पान्शन सायलेन्सर (मधे फुगलेला, दोन्हीकडे निमुळता टू-स्ट्रोकचा पाईप) करून घेताना करणाऱ्याला फक्त "आवाज भारी पाहिजे" असं सांगू नका. एक्झॉस्ट पोर्ट किती अंश उघडा राहतो आणि ताकद किती आरपीएमला हवी, हे दोन आकडे द्या. गरम धुरातली लहर सेकंदाला साधारण 510 मीटरनं धावते. पोर्ट 180 अंश उघडा आणि 9000 आरपीएम धरले तर पिस्टनपासून शेवटच्या कोनापर्यंतची लांबी साधारण 850 मिमी येते. 8000 साठी ती 955 च्या आसपास जाते. आपल्या मातीच्या ट्रॅकवर वळणं जवळजवळ असतात, सरळ पट्टा लहान. मी 8000 च्या बाजूला झुकतो. वर किंचाळणारी गाडी ऐकायला छान वाटते, पण चिखलातून चढ काढताना मधली ताकदच कामाला येते.

गिअरिंग शेवटी. पुढचं स्प्रॉकेट एका दातानं कमी केलं की मागं तीन दात वाढवल्यासारखं होतं. आधी पुढचंच बदलून बघा, ते स्वस्त आहे.

पहिला दिवस

इंजिन चालू करून सिलिंडर हाताला चांगला गरम लागेपर्यंत ठेवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा. मग हेडचे नट परत कसा. पहिल्या फेऱ्या अर्ध्या ॲक्सिलरेटरवर. दहा मिनिटांनी बाहेर या आणि टी चे बोल्ट, ॲक्सल, स्प्रॉकेटचे नट, इंजिनाचे माउंट, तारा हे सगळं पान्यानं तपासा. जे बोल्ट पक्के कसलेत त्यांच्या डोक्यावरून फ्रेमपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी चिखल पुसून नुसतं रेघांकडे बघा. जिथं रेघ तुटलेली दिसेल तिथं आधी पाना लावा.